साथीचा रुग्ण नेणार कोण?

१८९७ सालच्या आरंभी पुण्याजवळच्या मुंढवे गावातील महारवाड्यात प्लेगने आजारी पडलेल्या एका मुलाला ६६ वर्षांच्या एका स्त्रीने पाठीवर घेतले आणि हडपसरच्या सासाणे मळ्यात आपल्या मुलाने, डॉ. यशवंतरावांनी, उभारलेल्या दवाखान्यापर्यंत पोचविले. मूल वाचले असे चरित्रकार सांगतात. त्या स्त्रीला मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी तिचे निधन झाले. ती स्त्री म्हणजे सावित्रीबाई फुले.

दरवर्षी १० मार्चला या घटनेचे स्मरण होते. हार घातले जातात, भाषणे होतात आणि त्यागाच्या या कथेने श्रोते भारावून जातात. भारावून जावे अशीच ती घटना आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु भारावून जाण्यात एक सोयही असते. ज्या प्रश्नाचे उत्तर शासनाने द्यावयाचे, तो प्रश्नच त्यात विरून जातो. मुंढव्याहून हडपसरपर्यंत त्या मुलाला नेण्यासाठी एका वृद्ध स्त्रीच्या पाठीखेरीज दुसरे साधन का नव्हते? पुण्यात त्या वेळी लष्कराची छावणी होती, घोडे होते, गाड्या होत्या, आगगाडी होती. साथीच्या रोग्याला त्याच्या घरापासून खाटेपर्यंत सुरक्षितपणे व सन्मानाने नेणे हे आपले कर्तव्य आहे, अशी राज्यकर्त्यांची धारणा मात्र नव्हती.

सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. राज्यकर्ते बदलले, वाहने बदलली, रोगांची नावे बदलली. ती धारणा मात्र अद्यापही रुजलेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

अधिकार आहे, कर्तव्य नाही

सावित्रीबाईंच्या मृत्यूपूर्वी महिनाभर, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा संमत केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. प्रवाशांची तपासणी करण्याचा, संशयितांना वेगळे ठेवण्याचा आणि आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा लावता येणार नाही, असे अभयही दिले. मात्र रुग्णाला गाडी मिळेल, ती स्वच्छ असेल, तीत त्याच्याबरोबर कोणी जाणते माणूस असेल, याविषयी या कायद्यात एक शब्द नाही. रुग्णाला वेगळे काढण्याचा अधिकार त्यात आहे. त्याला नीट नेण्याचे कर्तव्य नाही.

याचा परिणाम पुणेकरांनी त्याच मार्च महिन्यात अनुभवला. रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी गोरे सैनिक पाठविले. त्यांनी माजघरात व देवघरात शिरून आजारी माणसे हुडकली आणि विलगीकरणाच्या छावण्यांत धाडली. लोकांनी रोगी लपविले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. या इतिहासाचा राष्ट्रीय अर्थ शाळेत शिकविला जातो. त्याचा आरोग्यविषयक अर्थ कोणी सांगत नाही. तो असा की, नेणारा जेव्हा शिपाई असतो तेव्हा रोगी लपतो, आणि लपलेला रोगी साथ पसरवतो. सुरक्षित वाहतुकीचा पहिला घटक म्हणजे लोकांचा विश्वास होय.

हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला. त्याच वर्षी त्यात दुरुस्तीही झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षेची तरतूद झाली, आणि ती योग्यच होती. परंतु रुग्णाला नेण्याचे शासनाचे कर्तव्य त्या दुरुस्तीतही उमटले नाही. वसाहतीच्या कायद्याला स्वतंत्र भारताने नवे दात बसविले. हात मात्र दिले नाहीत.

साखळीतील कच्चा दुवा

साथरोगाविषयी बोलताना शासन खाटांचे आकडे देते, कृत्रिम श्वासयंत्रांचे आकडे देते, प्रयोगशाळांचे आकडे देते. घर आणि खाट यांच्यामधला जो प्रवास, त्याचा आकडा कोठेही नसतो. वस्तुतः संसर्गाच्या दृष्टीने हा प्रवास अत्यंत नाजूक असतो. रुग्ण त्या वेळी सर्वाधिक आजारी, म्हणून बहुधा सर्वाधिक संसर्गकारक असतो. रोगाचे निदान झालेले नसते. बंद गाडीत चालक, मदतनीस व नातेवाईक त्याच्यापासून हातभर अंतरावर असतात. आणि गाडी थांबते ती रुग्णालयाच्या गर्दीने भरलेल्या दारात.

मे २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड जिल्ह्यात निपाह विषाणूची साथ आली. पहिला रुग्ण आधी पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात होता. तेथून त्याला कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलविण्यात आले. नंतरच्या शोधात असे दिसून आले की, बहुतेकांना लागण झाली ती रानात वा घरात नव्हे, तर रुग्णालयांत. आणि त्यांतील कित्येकांना ती क्ष-किरण विभागाबाहेरच्या बोळात, हा रुग्ण तपासणीसाठी तेथे असताना. शासकीय हिशेबाने त्या साथीत १७ जण मृत्युमुखी पडले. पेरांब्र्याच्या परिचारिका लिनी पुदुश्शेरी त्यांपैकीच एक. रुग्णाला एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे ही हमालीची किरकोळ बाब नाही, हे त्या बोळाने सिद्ध केले. ज्याला स्वतंत्र दाराने, स्वतंत्र वाटेने व ठरलेल्या वेळी नेले असते, त्याला गर्दीत थांबावे लागले, आणि गर्दीने त्याची किंमत मोजली.

त्याआधी जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावच्या एका स्त्रीला रक्तस्रावी ताप आला. तिला अहमदाबादच्या रुग्णालयात नेण्यात आले. ती दगावली, पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावल्या. हा क्रिमियन-काँगो ताप आहे, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने सांगितले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. येथे नियोजनाचे एक मूलतत्त्व स्पष्ट होते. निदान नेहमी वाहतुकीच्या मागून येते. म्हणून ‘अमुक रोग सिद्ध झाल्यास तमुक गाडी पाठवावी’ असा नियम निरुपयोगी होय. संशयावरूनच गाडी निघाली पाहिजे, आणि संशय खोटा ठरला तर झालेल्या खर्चाबद्दल कोणी कोणाला जाब विचारता कामा नये.

मग सुरक्षित वाहतूक म्हणजे नेमके काय? ती एखादी चकचकीत गाडी नव्हे. ती कामांची एक साखळी आहे. दूरध्वनी घेणाऱ्याने दोन-चार नेमके प्रश्न विचारून धोक्याचा अंदाज घ्यावयाचा. गाडी निघण्यापूर्वी रुग्णालयाला कळवून कोणते दार, कोणती खोली व कोण स्वीकारणार हे ठरवावयाचे. चालकाची जागा व रुग्णाची जागा यांमध्ये पक्का पडदा हवा. पुढच्या भागात बाहेरची ताजी हवा खेळती राहावी आणि मागची हवा मागच्या मागे बाहेर फेकली जावी. रुग्ण सोसू शकत असेल तर त्याच्या तोंडाला मुखपट्टी. बरोबर अनावश्यक माणूस नाही, पण आवश्यक माणूस हवाच. संरक्षक पोशाख चढविण्यापेक्षा उतरविताना अधिक धोका असतो, म्हणून उतरविताना दुसऱ्याची देखरेख. नंतर गाडी कोठे धुवावयाची, कोणत्या द्रव्याने, किती वेळ, मळके कापड व कचरा कोठे जाळावयाचा, हे ठरलेले. आणि शेवटी, नेणाऱ्यांच्या नावांची नोंद ठेवून रोगाच्या सुप्तावस्थेचे दिवस संपेपर्यंत त्यांच्या प्रकृतीवर लक्ष. यांतील एक कडी तुटली तर उरलेल्या सर्व व्यर्थ ठरतात.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते, हे २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत जगाने पाहिले. सिएरा लिओनच्या राजधानीत खाटा नव्हत्या, म्हणून फ्रीटाउनच्या रोग्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला केनेमा व कैलाहूनपर्यंत, खडबडीत रस्त्यांवरून तासन् तास गाड्यांतून नेले जाई. सिद्ध रोगी व केवळ संशयित एकाच गाडीत कोंबले जात. त्या साथीत तीन देशांत मिळून अकरा हजारांहून अधिक माणसे मेली. त्या होरपळीतून बाहेर पडलेल्या त्या गरीब देशाने २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची रुग्णवाहिका सेवा उभी केली. गरिबी ही सबब नव्हे, हे त्याने दाखवून दिले.

शासन नसते तेथे काय असते?

शासन नसते तेथे आधी भय असते आणि मागून बाजार येतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी येताच चार-पाच दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. मिळेल त्या आगगाडीने, मिळेल त्या मालमोटारीने ती महाराष्ट्रात, ओरिसात, उत्तर प्रदेशात आपापल्या गावी गेली. त्यांत बहुसंख्य यंत्रमागांवर व हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणारे मजूर होते. त्यांना पळपुटे ठरविणे सोपे होते. पण ज्यांना आजारी पडल्यास कोण उचलणार, कोठे नेणार, हेच ठाऊक नव्हते, त्यांनी दुसरे काय करावयाचे? रुग्णाच्या वाहतुकीची योजना नसली म्हणजे वाहतूक थांबत नाही. ती रुग्ण स्वतःच करतो.

आणि हे केवळ साथीच्या काळात घडते असे नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. औषधांना दाद न देणारा क्षय झालेला मजूर उपचार सुरू होण्यापूर्वी तपासणीसाठी चार-चार खेपा घालतो, त्या एसटीने, लोकलने, सहा आसनी रिक्षाने. योग्य औषध सुरू झाले की त्याचा संसर्ग लवकरच ओसरतो, म्हणून त्याला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही. परंतु निदानापूर्वीच्या त्या खेपांत तो स्वतः धापा टाकतो आणि शेजारच्या प्रवाशालाही धोक्यात घालतो. हा दोष त्याचा नव्हे. ज्या शासनाने त्याला घरी नमुना घेणारा माणूस दिला नाही आणि वाहनही दिले नाही, त्याचा तो दोष आहे.

बाजार काय करतो, हे २०२० सालाने दाखविले. टाळेबंदीत काही किलोमीटरांसाठी खाजगी रुग्णवाहिकांनी हजारो रुपये उकळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरविण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी खाजगी गाड्या ताब्यात घेण्याचे व दर ठरविण्याचे अधिकार जिल्हा प्रशासनाला दिले. या उपायांनी काही रुग्णांचे पैसे वाचले असतील. परंतु दर ठरविल्याने गाडी निर्माण होत नाही, आणि दर ठरविल्याने गाडी धुतली जात नाही. टंचाई असताना दर बांधला की माल काळ्या बाजारात जातो, हे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. नियंत्रण हा सार्वजनिक पुरवठ्याचा पूरक असू शकतो. त्याची जागा तो घेऊ शकत नाही.

येथे बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ आक्षेप घेतील. ते म्हणतील, असे भयंकर रोग क्वचित येतात. त्यांसाठी गाड्या व माणसे राखून ठेवणे म्हणजे भांडवल निष्क्रिय पाडून ठेवणे होय. हा आक्षेप नीट तपासला पाहिजे, कारण सर्व कंत्राटी व्यवस्थेचा पाया तोच आहे. अग्निशामक दलाचा बंब दिवसातील बहुतेक वेळ उभा असतो. म्हणून तो निष्क्रिय आहे काय? तो उभा असतो म्हणूनच शहर झोपू शकते. सज्जता हेच त्याचे उत्पादन आहे. या उत्पादनाचा लाभ एकट्या रुग्णाला होत नाही. ज्यांना लागण झाली नाही अशा हजारोंना होतो, आणि त्यांपैकी कोणीही त्यासाठी पैसे मोजण्यास बाजारात जात नाही. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो व किंमत कोणाकडूनच वसूल होत नाही, ती बाजार पुरेशी पुरवीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही असते. नफ्याच्या हिशेबाने चालणारा कंत्राटदार खेपा वाढवील, थांबण्याचा काळ घटवील आणि दोन खेपांमधले धुणे आखूड करील. त्यात त्याची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. त्याच्या हिशेबात तेच शहाणपण आहे.

कंत्राटातील गाडी आणि गाडीतील माणूस

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली खाजगी कंत्राटदारामार्फत सुरू झाली. तिच्या आरंभीच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या: २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. या सेवेने असंख्य अपघातग्रस्तांचे व बाळंतिणींचे प्राण वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु राष्ट्रीय आरोग्य अभियानाचाच निकष दर लाख लोकसंख्येमागे एक प्राथमिक व दर पाच लाखांमागे एक प्रगत गाडी असा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे प्राथमिक गाड्या १,१२४ हव्या होत्या. सेवा सुरू झाली ती ७०४ गाड्यांनी. ही तूट अपघात व बाळंतपणे यांच्या नित्य गरजेपुरती. साथीच्या रुग्णाला नेऊन आणून धुण्यासाठी बाजूला काढता येईल, अशी गाडी या हिशेबात कोठेच नाही.

गाडीहून महत्त्वाचा तीतील माणूस. संसर्ग रोखण्याचे तंत्र शेवटी चालक व मदतनीस यांच्या हातांत असते. तो माणूस कंत्राटी असेल, त्याचा पगार वेळेवर होत नसेल, आजारी पडल्यास रजा भरपगारी मिळणार की नाही हे त्याला ठाऊक नसेल, तर ताप आल्यावर तो ताप लपवील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवर चढेल. नोकरीची हमी हा येथे केवळ कामगारांच्या न्यायाचा प्रश्न नाही. तो रोगप्रतिबंधाचा भाग आहे. कामगार संघटनांनीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भत्त्याची मागणी करणे रास्तच आहे. परंतु धोक्याचा भत्ता घेऊन धोका तसाच राहू देणे ही सौदेबाजी झाली. पोशाख, प्रशिक्षण, दोन माणसांखेरीज गाडी न हलविण्याचा नियम आणि साधने नसतील तर खेप नाकारण्याचा हक्क, या मागण्या पगाराच्या मागणीइतक्याच आग्रहाने पुढे आल्या पाहिजेत.

दोन माणसांचा हा नियम रुग्णाच्या संरक्षणासाठीही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केरळातील पत्तनंतिट्टा जिल्ह्यात कोविडग्रस्त तरुणीला रात्री उपचार केंद्रात नेत असताना रुग्णवाहिकेच्या चालकानेच तिच्यावर बलात्कार केला. गाडीत आरोग्य कर्मचारी नव्हता. २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. केरळची आरोग्यव्यवस्था देशात अग्रगण्य मानली जाते आणि डाव्या चळवळीला तिचा अभिमान आहे. म्हणूनच ही घटना डोळ्यांआड करता कामा नये. ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ समाज रुग्णापासून सुरक्षित एवढाच घेतला गेला. रुग्ण वाटेत सुरक्षित आहे काय, हे कोणी पाहिले नाही.

मेल्यावरही या उपेक्षेतून सुटका नसते. एप्रिल २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे कोविडने मरण पावलेल्या २२ जणांचे देह एकाच रुग्णवाहिकेत एकावर एक रचून स्मशानात नेण्यात आले. गाड्या अपुऱ्या असल्याचे कारण देण्यात आले. ते खरेच असावे. परंतु ज्या मराठवाड्यातून दर हंगामाला ऊसतोडणी मजुरांना नेण्यासाठी मालमोटारींच्या रांगा लागतात, तेथे त्याच मातीतील माणसांच्या शेवटच्या प्रवासाला दुसरी गाडी मिळू नये, ही टंचाई वाहनांची नव्हे, अग्रक्रमाची आहे.

सीमेवरचा रोगी

साथीच्या रुग्णाची वाहतूक जिल्ह्याच्या वा राज्याच्या हद्दीपाशी संपत नाही. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने केरळच्या सीमेवरील रस्ते मातीचे ढीग टाकून बंद केले. कासरगोडचे रुग्ण पिढ्यान् पिढ्या उपचारासाठी मंगळूरला जात. तलपाडीच्या नाक्यावर त्यांच्या गाड्या अडविल्या गेल्या आणि उपचारावाचून माणसे मेली. १ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने अडथळे दूर करण्यास सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर तडजोड निघाली. हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण गोव्यात बांबोळीला जातो, चंदगडचा बेळगावला, सिरोंचाचा तेलंगणात. सीमाप्रश्नावर सभा गाजविणाऱ्या एकाही पक्षाने आजवर शेजारच्या राज्याशी रुग्णवाहिकेच्या मुक्त वाटेचा करार मागितलेला नाही. भाषेच्या अभिमानाला रोग्याच्या श्वासाचे वजन कळत नसेल, तर तो अभिमान पोकळ होय.

दोन आक्षेप

एक आक्षेप तंत्रज्ञानाच्या किमतीचा आहे. अमेरिकेने २०१४ मध्ये आपले इबोलाचे रोगी खास विमानाने मायदेशी आणले. असे लाड गरीब देशाला परवडतील काय, असे विचारले जाते. त्याचे उत्तर भारतीय वायुदलानेच दिले आहे. २०२० मध्ये वायुदलाने संसर्गजन्य रुग्णाला नेण्यासाठी ‘अर्पित’ नावाची बंद पेटी देशातच तयार केली. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखणारी आणि हवा गाळून बाहेर सोडणारी ही पेटी ६० हजार रुपयांत झाली; आयात पेटीची किंमत ६० लाखांपर्यंत असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांना प्रत्येकी दोन पेट्या द्यावयाच्या म्हटल्या, तर त्या भावाने खर्च ४३ लाख २० हजार रुपये होतो. आजचा भाव दुप्पट धरला तरी तो एक कोटीच्या आत राहतो. खरा खर्च पेटीचा नाही, माणसांच्या पगाराचा व प्रशिक्षणाचा आहे, हे खरे. पण तो खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. तो रोजगार आहे.

दुसरा आक्षेप स्वकीयांचा आहे, म्हणून अधिक विचारात घेण्याजोगा. काही निष्ठावंत कार्यकर्ते म्हणतात की, ज्या देशात मुलांना पुरेसे अन्न नाही, वस्त्यांना स्वच्छ पाणी नाही, तेथे दुर्मिळ रोगांच्या गाड्यांची चर्चा म्हणजे शहरी मध्यमवर्गाची चैन होय. पाणी, अन्न आणि घर हीच साथींवरची पहिली औषधे आहेत, यात शंका नाही. परंतु या युक्तिवादात एक गफलत आहे. श्रीमंताला या गाडीची गरजच पडत नाही. त्याच्या दारात मोटार असते आणि त्याच्या रुग्णालयाला मागचे दार असते. ज्याला दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांसह राहावे लागते आणि तापातही रिक्षाच्या भाड्यासाठी उसने पैसे मागावे लागतात, गाडी त्यालाच हवी असते. वाहन न मिळाल्याने रोग पसरतो तोही त्याच्याच वस्तीत. पाण्यासाठी लढावे आणि गाडीसाठीही लढावे. एकाचे नाव सांगून दुसरे टाळणे ही शासनाची युक्ती आहे. चळवळीने ती उचलू नये.

करावयाचे काय?

टीका पुरेशी नाही. पर्याय सांगितला पाहिजे. तो महाराष्ट्रात आयता उभा आहे. राज्य परिवहन महामंडळाची सुमारे अडीचशे आगारे आहेत, ३१ विभाग आहेत आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. प्रत्येक आगारात वाहन धुण्याची जागा, दुरुस्तीची सोय, रात्रंदिवस माणसे आणि रस्त्याचा खडा न् खडा ठाऊक असलेले चालक आहेत. २०२० मध्ये मुंबईत बेस्टच्या छोट्या बसगाड्यांना रुग्णवाहिकांचे रूप देण्यात आले, ते सार्वजनिक आगार व सार्वजनिक कामगार हाताशी होते म्हणूनच. जे घाईगर्दीत, साथ अंगावर आल्यावर जमले, ते शांततेच्या काळात नियोजनपूर्वक का जमू नये?

प्रत्येक जिल्ह्यात किमान दोन गाड्या संसर्गजन्य रुग्णांसाठी राखून ठेवाव्यात. राज्यभर त्या ७२ होतील. १०८ सेवेच्या आरंभीच्या ताफ्याच्या त्या आठ टक्केही भरत नाहीत. त्या महामंडळाच्या कार्यशाळांत बांधाव्यात आणि आरोग्य खात्याच्या आज्ञेखाली आगारांत ठेवाव्यात. त्यांवर कायम नोकरीतील, स्वेच्छेने आलेले, प्रशिक्षित व विमा उतरविलेले कर्मचारी नेमावेत, आणि त्यांत स्त्रिया असाव्यात. साथ नसताना याच गाड्यांनी क्षयरुग्णांना तपासणीसाठी न्यावे-आणावे. म्हणजे गाडीही चालती राहील आणि माणसांचा हातही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला व वैद्यकीय महाविद्यालयाला अशा रुग्णांसाठी वेगळे दार व वेगळी वाट असावी. वर्षातून दोनदा पूर्ण तालीम व्हावी आणि तिचा अहवाल जिल्हा परिषदेत मांडला जावा. आणि हे सर्व दयेवर सोडू नये. साथरोगाच्या कायद्यात, शासनाच्या अधिकाराशेजारीच, रुग्णाला सुरक्षित वाहन देण्याचे शासनाचे कर्तव्य लिहिले गेले पाहिजे.

हे घडेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आपापल्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांना व आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी चार प्रश्न विचारता येतील. उद्या संशयित रुग्ण आढळल्यास कोणती गाडी जाणार? तीवर कोण असणार? ती रुग्णालयाच्या कोणत्या दाराशी थांबणार? आणि परतल्यावर ती कोठे धुतली जाणार? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या जिल्ह्यात मिळतील, तेथे योजना आहे असे समजावे. जेथे मिळणार नाहीत, तेथे ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत ती मिळेतो विचारीत राहावे. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना या कामात बरोबर घ्यावे, कारण ताप आलेल्या घराची कडी प्रथम वाजविणारे हात त्यांचेच असतात.

सावित्रीबाईंनी त्या मुलाला पाठीवर घेतले, कारण त्याला नेणारे दुसरे कोणी नव्हते. कोळिकोडच्या परिचारिकेने, २०२० च्या असंख्य चालकांनी व सफाई कामगारांनी तेच केले. समाजाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांची कंत्राटे संपविली. त्यागाची पूजा करणाऱ्या समाजाला तो त्याग पुन्हा पुन्हा लागत राहावा, यात गौरव कोणता? पुढच्या १० मार्चला हार घालण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्याच्या आगारात जाऊन पाहावे. तेथे साथीच्या रुग्णासाठी गाडी उभी नसेल, तर मुंढव्याचे ते मूल आजही कोणाच्या तरी पाठीची वाट पाहत आहे, असे समजावे.